सायकल मार्गिकेतले बेकायदा पार्किंग अडथळ्यांनी कसे रोखावे

रस्त्याच्या कडेला पांढऱ्या पट्ट्याने आखलेली सायकल मार्गिका रिकामी दिसली की वाहनचालकाला ती गाडी लावायची जागा वाटू लागते. यात मापाचाही वाटा आहे. सर्वसाधारण मोटार १.७ ते १.९ मीटर रुंद असते, आणि एकेरी सायकल मार्गिका नीट आखली तर ती २ मीटर किंवा त्याहून थोडी अधिक रुंद होते. सायकलस्वारांना ऐसपैस जाता यावे म्हणून दिलेली रुंदी मोटारीलाही चपखल बसते. मार्गिका अरुंद केली तर सायकलस्वारांची कुचंबणा होते आणि रुंद ठेवली तर मोटारी आत शिरतात. या कात्रीतून सुटण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे: मार्गिका पुरेशी रुंद ठेवावी आणि तिच्या कडेला चाक अडवणारी भक्कम वस्तू बसवावी.

मार्गिकेत उभी राहिलेली एक मोटार जेमतेम पाच मीटर जागा खाते. तेवढ्यासाठी सायकलस्वाराला मागे वळून पाहावे लागते, वेग कमी करावा लागतो, भरधाव वाहनांच्या रांगेत शिरावे लागते आणि मोटार ओलांडल्यावर परत आत यावे लागते. मागून येणाऱ्या चालकाला सायकल अशी एकाएकी बाहेर येईल याची कल्पना नसते. सरावलेला सायकलस्वार हे कसेबसे निभावून नेतो. दहा-बारा वर्षांचे मूल, मागच्या आसनावर बाळ बसवलेली आई किंवा तीनचाकी सायकल चालवणारी अपंग व्यक्ती यांच्यासाठी मात्र मार्गिका त्या मोटारीपाशीच संपते, आणि दोन-तीनदा असा अनुभव आला की ही माणसे सायकल घेऊन बाहेर पडणेच सोडून देतात.

दंडाच्या कारवाईला स्वाभाविक मर्यादा आहे. लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस इथले महापौर आर्तुरास झुओकास यांनी २०११ साली सायकल मार्गिकेत उभ्या केलेल्या मोटारीवर चिलखती गाडी चढवली आणि तिची चित्रफीत जगभर पाहिली गेली. त्याच वर्षी त्यांना इग नोबेल शांतता पारितोषिकही मिळाले; नोबेलची ही गमतीदार नक्कल आहे. संदेश दूरवर पोहोचला, पण चिलखती गाडी रोज प्रत्येक रस्त्यावर फिरवता येत नाही. वाहतूक पोलिसांचेही तसेच आहे. पाच मिनिटांसाठी थांबलेली गाडी त्यांच्या हाती लागेपर्यंत निघून गेलेली असते आणि तिची जागा दुसरीने घेतलेली असते. मार्गिकेच्या कडेला बसवलेला काँक्रीटचा दुभाजक मात्र पहाटे तीन वाजताही जागेवर असतो.

तरीही अडथळे बसवलेल्या कितीतरी मार्गिकांत मोटारी उभ्या दिसतात, कारण खर्च अडथळ्यांवर होतो आणि लक्ष मधल्या फटींकडे जात नाही. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच प्रश्नाला धरून आहेत: मोटारीचे चाक आत नेमके कुठून येते, आणि सायकलची वाट न अडवता ती जागा कशी बंद करता येईल?

पहिली पायरी: मोजणी

कोणताही अडथळा निवडण्याआधी रस्त्यावर उभे राहून मोजणी करावी. दोन-तीनशे मीटरांचा टप्पा घ्यावा, दर दहा मीटरांवर खडूने खूण करावी आणि वहीत पाच गोष्टी टिपाव्यात: गाडी आली कधी, गेली कधी, कोणत्या प्रकारची होती, कोणत्या खुणेपाशी आत शिरली आणि चालक कशासाठी थांबला. कामाच्या दिवशी सकाळी, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी आणि रात्री उशिरा अशा निदान चार वेळा हे करावे. एकाच वेळेची मोजणी फसवते, कारण दिवसा सामान उतरवणाऱ्या गाड्यांनी अडलेली मार्गिका रात्री आसपासच्या रहिवाशांच्या मोटारींनी अडलेली असू शकते, आणि या दोन अडचणींवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

अशाच एका संध्याकाळच्या मोजणीत माझ्यासमोर सामान पोहोचवणारी एक व्हॅन चारही इंडिकेटर लावून मार्गिकेत उभी राहिली. चालक धावत गेला आणि चार मिनिटांत परतलाही. तेवढ्या वेळात व्हॅनच्या मागे एक मोटार येऊन थांबली होती. व्हॅन निघून गेली तरी मोटार जागची हलली नाही, आणि थोड्या वेळाने तिच्याही मागे तिसरी गाडी लागली. पहिल्या गाडीने नकळत दिलेली परवानगी पुढच्या सगळ्यांनी वापरली होती. त्याहून उपयोगाची गोष्ट मला घरी येऊन वही चाळताना कळली. जवळजवळ सगळ्या गाड्या एकाच खुणेपाशी आत शिरल्या होत्या, आणि ती खूण होती एका आवाराच्या फाटकाची, जिथे मार्गिकेची रेषा तुटक केलेली होती. तीनशे मीटरांची म्हणून मांडली जाणारी अडचण प्रत्यक्षात सहा मीटरांच्या तोंडातून आत येत होती.

दुसरी पायरी: थांबणाऱ्यांची सोय

मोजणीतून थांबण्याची कारणे कळतात आणि त्यांची उत्तरे अडथळा बसण्याआधी तयार लागतात. ज्या दुकानांना रोज माल लागतो त्यांच्या गाड्या अडथळ्यामुळे नाहीशा होत नाहीत. त्या वाहनांच्या रांगेत दुहेरी उभ्या राहतात किंवा पदपथावर चढतात, आणि सायकलस्वारांची अडचण पादचाऱ्यांच्या गळ्यात पडते. म्हणून माल उतरवण्यासाठी ठरावीक वेळेची राखीव जागा जवळच्या आडरस्त्यावर द्यावी. तिथे जागा नसेल तर ती मार्गिकेच्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूला द्यावी. अशा जागेपासून पदपथापर्यंत सामानाची ढकलगाडी नेता येईल असा सपाट ओलांडमार्ग मार्गिकेतून काढून द्यावा. माणसांना उतरवण्या-चढवण्यासाठीही दोन-तीन गाड्यांपुरती जागा अशीच ठेवावी. अपंग व्यक्तींसाठी राखीव पार्किंग असेल तर ते कोणत्याही परिस्थितीत जवळपास टिकवून ठेवावे.

राहिला दिवसभर किंवा रात्रभर गाडी लावणाऱ्यांचा प्रश्न. इथे जागा काढून घ्यावीच लागते आणि विरोध होतोच. कोलंबियाची राजधानी बोगोता इथले महापौर एन्रिके पेन्यालोसा यांनी १९९८ ते २००० या कार्यकाळात पदपथांवरची मोटारींची पार्किंग हटवून तिथे खांब बसवले, तेव्हा त्यांना पदावरून दूर करण्याची मोहीमच उभी राहिली होती. स्पेनमधल्या सेव्हिया शहराने २००६ पासून अवघ्या काही वर्षांत सुमारे ८० किलोमीटरचे सलग, संरक्षित सायकल जाळे उभारले, तेही रस्त्यांवरच्या हजारो पार्किंग जागा काढून. या शहराकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे सलगता. मधला एक तुकडा विरोधामुळे मोकळा सोडला की मोटारी तिथे गोळा होतात आणि दोन्ही बाजूंचे संरक्षित तुकडे कमी वापरले जातात. रहिवासी आणि दुकानदार यांच्याशी बोलताना आराखड्याबरोबर मोजणीची वहीही समोर ठेवावी. आपल्याच दारातली नोंद पाहून बोलणे पुष्कळ मुद्द्यावर येते.

तिसरी पायरी: अडथळ्याची निवड

कोणता अडथळा काय थांबवतो हे स्पष्ट माहीत असावे, कारण बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच वस्तू पार्किंग रोखण्यासाठी बनवलेल्याच नसतात.

रबर किंवा प्लास्टिकचे बुटके उंचवटे हे त्याचे ठळक उदाहरण आहे. ते कासवाच्या पाठीसारखे असतात आणि रेषेवर ओळीने ठोकतात. चालत्या मोटारीचे चाक रेषेवर गेले तर चालकाला धक्का बसतो आणि तो सावध होतो, इतकाच त्यांचा उपयोग. थांबायचे ठरवलेला चालक त्यांच्यावरून किंवा मधून सावकाश आत येतो. शिवाय रात्री पादचारी त्यांना ठेचकाळतात आणि दुचाकीस्वार घसरतात. पार्किंग हीच अडचण असेल, तर हे उंचवटे एकटे वापरू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

लवचीक प्लास्टिकचे खांब पाऊण ते एक मीटर उंच असतात, लवकर बसतात, कमी खर्चात होतात आणि दुरून दिसतात. मोटार अंगावर आली तर ते वाकतात आणि पुन्हा उभे राहतात. त्यांचा गुण हाच आणि दोषही हाच, कारण खांब वाकतो हे चालकांना काही आठवड्यांत कळते. अवजड वाहनांचे चालक तर त्यांना सरळ आडवे करून आत येतात. चाचणीच्या काळासाठी आणि बुटक्या दुभाजकाला दृश्यता देण्यासाठी ते उत्तम आहेत.

पार्किंग खऱ्या अर्थाने थांबवतो तो बुटका दुभाजक, म्हणजे काँक्रीटचे ओतीव ठोकळे किंवा जाड पुनर्वापरित रबराचे तुकडे. त्यांच्या आकाराकडे बारकाईने पाहावे लागते. वाहनांच्या बाजूला उभा काठ १२ ते १५ सेंटिमीटर उंच असेल, तर सर्वसाधारण मोटारीचा चालक बंपर आणि चाक या दोहोंच्या काळजीने त्यावर चढत नाही. सायकलच्या बाजूला मात्र असा उभा काठ धोक्याचा ठरतो. सायकलच्या क्रँकचा, म्हणजे पायडल जोडलेल्या दांड्याचा, आस जमिनीपासून साधारण २७ सेंटिमीटर उंच असतो आणि क्रँकची लांबी १७ सेंटिमीटर असते, म्हणजे पायडल खाली आले की ते जमिनीपासून १० सेंटिमीटरवर फिरत असते. काठ त्याहून उंच आणि सरळ असेल तर कडेने जाणाऱ्याचे पायडल त्यावर आपटते आणि तो मार्गिकेत किंवा थेट रस्त्यावर पडतो. म्हणून सायकलच्या बाजूला काठ तिरका, उताराचा असावा. चाक घासले तरी ते हळूच परत वळते. दोन्ही बाजूंनी सारख्याच आकाराचा ठोकळा स्वस्त पडतो, पण तो टाळावा.

अडथळा जितका उंच, तितके सायकलस्वार त्यापासून लांब राहतात आणि मार्गिका तितकी अरुंद होते. इंग्लंडसाठी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत याचे सरळ हिशेब दिले आहेत. ६ सेंटिमीटरपर्यंतच्या काठासाठी वेगळी रुंदी लागत नाही. त्याहून उंच पण १५ सेंटिमीटरपर्यंतच्या काठासाठी २० सेंटिमीटर, १५ ते ६० सेंटिमीटर उंचीच्या वस्तूसाठी २५ सेंटिमीटर आणि ६० सेंटिमीटरपेक्षा उंच वस्तूसाठी ५० सेंटिमीटर रुंदी वाढवून धरावी लागते. एका बाजूला खांब आणि दुसऱ्या बाजूला कुंपण असलेली २ मीटरची मार्गिका या हिशेबाने वापरायला जेमतेम १ मीटरचीच उरते. कुंड्यांचा विचार करतानाही हे लक्षात ठेवावे. मातीने भरलेल्या मोठ्या कुंड्या जड असतात, शोभिवंत दिसतात आणि मोटारी खात्रीने थांबवतात, पण त्या रुंदी खातात, त्यांना पाणी घालावे लागते आणि झाडे वाढली की दृष्टी अडते. ज्यांची निगा राखणारे कोणी ठरलेले नाही अशा कुंड्या वर्षभरात कचरापेट्या होतात.

जागा आणि निधी दोन्ही असतील, तर कोपनहेगनसारखी रचना सर्वांत टिकाऊ ठरते. तिथे सायकल मार्ग रस्त्यापेक्षा एक पायरी वर आणि पदपथापेक्षा एक पायरी खाली असतो. न्यू यॉर्कने २००७ साली नाइन्थ ॲव्हेन्यूवर वेगळा मार्ग निवडला. तिथे पार्किंगची रांग वाहनांच्या बाजूला सरकवली आणि सायकल मार्गिका पदपथाला लागून घेतली, म्हणजे उभ्या मोटारीच संरक्षक भिंत बनल्या. अशा रचनेत मोटार आणि मार्गिका यांच्यामध्ये सुमारे ९० सेंटिमीटरची पट्टी सोडावीच लागते, कारण मोटारीचे दार साधारण तेवढे उघडते. ही पट्टी नुसती रंगवून चालत नाही. तिच्यावर दुभाजक नसेल तर मोटारी एकेक वीत सरकत मार्गिकेत येतात.

चौथी पायरी: अंतराचा हिशेब

आता फटींकडे वळू. दोन खांबांमधले अंतर किती असावे याचा निर्णय पुष्कळदा खांबांच्या संख्येवरून, म्हणजे पर्यायाने निधीवरून होतो. तो मोटारीच्या हालचालीवरून व्हायला हवा.

चालक मार्गिकेत शिरतो तेव्हा रस्त्याला समांतर चालत येऊन तिरका आत वळतो. १.८ मीटर रुंद मोटार काटकोनात आत यायची असेल, तर तिला १.८ मीटरची फट पुरते. ती ३० अंशांच्या कोनात आली तर रेषेवर ३.६ मीटर जागा लागते, आणि २० अंशांच्या कोनात ५ मीटरांहून अधिक. काटकोनात आलेल्या मोटारीला २ मीटरच्या मार्गिकेत सरळ होता येत नाही, त्यामुळे ती खरी चिंता नाही. तिरकी येणारीच रोखायची आहे. यावरून असे दिसते की खांबांमधले अंतर ३ मीटरांच्या आत ठेवले, तर अख्खी मोटार आत घेणे जवळपास अशक्य होते, आणि ६ मीटरांवर खांब लावले तर ते केवळ सजावट ठरतात. ३ मीटरच्या अंतरातही चालक पुढचे एक चाक आत घालून अर्धवट उभा राहू शकतो, म्हणून दोन खांबांच्या मध्ये बुटका दुभाजक हवा. खांब डोळ्यांना दिसतो आणि दुभाजक चाकाला लागतो. ही जोडी मला सगळ्यांत भरवशाची वाटते.

दुभाजक अगदी सलगही करू नये. पाणी वाहून जाण्यासाठी ठोकळ्यांमध्ये एक-दोन वितींची फट किंवा खालून खाच ठेवावी, नाहीतर पहिल्याच जोरदार पावसात मार्गिकेचे डबके होते. पावसाळी गटारांच्या जाळ्या आणि उतार कुठे आहेत हे आधी पाहून फटी तिथे आणाव्यात. पादचारी जिथे रस्ता ओलांडतात तिथे चाकाच्या खुर्चीला पुरेल अशी, साधारण १.२ ते १.५ मीटरची मोकळी जागा सोडावी.

मार्गिकेच्या तोंडाशी १.५ मीटर हा आकडा फार कामाचा आहे. वर सांगितलेल्या इंग्लंडच्या सूचनांत मोठी मालवाहू सायकल १.२ मीटर रुंद आणि २.८ मीटर लांब धरली आहे. १.५ मीटरच्या फटीतून ती सहज जाते आणि अगदी चिमुकल्या चारचाकी सोडल्या तर मोटार जात नाही. २ मीटर रुंद मार्गिकेच्या मधोमध खांब रोवला तर दोन्हीकडे एक मीटरही उरत नाही आणि मालवाहू सायकल बाहेर राहते. त्याऐवजी एका बाजूने काँक्रीटचे छोटे बेट पुढे आणून तोंड १.५ मीटरचे करावे. मार्गिका दुहेरी आणि रुंद असेल तेव्हाच मध्ये खांब घ्यावा, दोन्हीकडे १.५ मीटर मोकळे ठेवून. पुढच्या सायकलस्वाराच्या पाठीआड असा खांब शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही आणि मागचा त्यावर आदळतो. अशा अपघातांमुळेच नेदरलँड्समध्ये अनावश्यक खांब काढून टाकण्यावर भर दिला जातो. खांब ठेवायचाच असेल तर त्याच्या आधी काही मीटर रस्त्यावर लांबट पांढरी खूण, शक्यतो चाकाला जाणवेल अशी खडबडीत, काढावी आणि खांबावर परावर्तक पट्टी लावावी.

मोटारसायकलींविषयी आपण आपली फसवणूक करून घेऊ नये. जिथून मालवाहू सायकल जाते तिथून मोटारसायकलही जाते. तिला अडवण्यासाठी नागमोडी कठडे किंवा फिरती फाटके लावली की पहिले बाहेर पडतात ते तीनचाकी आणि हातांनी चालवायच्या सायकलींवरचे लोक. मोटारसायकलींसाठी जवळच वेगळी जागा आणि नियमित कारवाई, एवढाच त्यावर उपाय आहे. मोटारी थांबल्या की कारवाईला निदान मनुष्यबळ तरी उरते.

पाचवी पायरी: फाटके, चौक आणि थांबे

मोजणीतल्या त्या सहा मीटरांच्या तोंडाकडे परत येऊ. फाटकासमोर दुभाजक तोडावाच लागतो, पण किती तोडावा हे तिथे प्रत्यक्ष येणाऱ्या सर्वांत मोठ्या वाहनाच्या वळणावरून ठरवावे. एक माणूस, ते वाहन आणि रस्त्यावर ठेवलेले चार शंकू घेऊन हे अर्ध्या तासात आजमावता येते: शंकू एकेक वीत आत सरकवत जावे आणि वाहन कुठे अडते ते पाहावे. बहुतेक ठिकाणी सोडलेली जागा गरजेपेक्षा पुष्कळ मोठी निघते. तोडलेल्या दुभाजकाच्या दोन्ही टोकांना गोलाकार, थोडे रुंद ठोकळे बसवावेत, म्हणजे वळणारी गाडी सावकाश वळते आणि फाटकातून आडवे मार्गिकेत शिरण्याची वाट बंद होते.

चौकाजवळ उलटी काळजी घ्यावी लागते. इथे दृष्टी मोकळी राहायला हवी. वळणाऱ्या चालकाला सायकलस्वार आणि सायकलस्वाराला चालक वेळेत दिसावा म्हणून चौकाआधी निदान सहा मीटर कोणतेही वाहन उभे राहू देऊ नये आणि उंच कुंड्या ठेवू नयेत. मोकळ्या सोडलेल्या या जागेत मोटारी उभ्या राहण्याचा मोह सर्वाधिक असतो. तिथे सायकल लावण्याचे स्टँड ठेवले, तर ते मोटारीला अडवतात आणि दृष्टीला अडवत नाहीत.

बस थांब्यावर मार्गिका थांब्याच्या मागून न्यावी आणि बस मधल्या बेटापाशी थांबावी. बेटावर जाणारा ओलांडमार्ग मार्गिकेच्या पातळीपेक्षा उचललेला असावा, म्हणजे सायकलस्वार तिथे वेग कमी करतात. अंध व्यक्तींना समजतील अशा खुणा तिथे आवश्यक आहेत.

अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका सेवा यांना आराखडा कागदावर असतानाच दाखवावा. तोंडाशी एखादा काढता येणारा खांब ठेवून त्याची किल्ली त्यांच्या नेहमीच्या किल्लीशी जुळती ठेवली, तर मोटारींपासून मोकळी राहिलेली मार्गिका कोंडीच्या वेळी त्यांनाही उपयोगी पडते. हा मुद्दा विरोध करणाऱ्यांनाही पटतो.

सहावी पायरी: बसवणी

नागरिकांनी स्वतःच्या हाताने रस्त्यावर अडथळे ठेवू नयेत. कोणी त्यावर पडले तर जबाबदारी त्यांच्यावर येते आणि चांगल्या कामाला कायमचा बट्टा लागतो. मोजणी, नकाशा आणि मागणी नागरिकांची, बसवणी पालिकेची, अशी विभागणी ठेवावी.

पक्के काम करण्याआधी सहा महिन्यांची चाचणी घ्यावी. बोल्टने बसवलेले ठोकळे आणि खांब हलवता येतात, त्यामुळे चुका स्वस्तात दुरुस्त होतात. डांबरात अँकर बोल्ट, म्हणजे ठोकळा जमिनीत रोवून धरणारा बोल्ट, काँक्रीटइतकी पकड घेत नाही. डांबराचा थर पातळ असेल तर उन्हाळ्यात बोल्ट सैल होतो आणि ठोकळा सरकतो. म्हणून थराची जाडी आधी तपासावी, भोक पूर्ण साफ करून त्यात रासायनिक चिकट द्रव्य भरूनच बोल्ट बसवावा आणि भोके पाडण्याआधी खालून जाणाऱ्या वाहिन्यांचा नकाशा पाहावा.

काम भल्या पहाटे, रस्ता रिकामा असताना करावे. त्याची सूचना काही दिवस आधी प्रत्येक दारावर द्यावी. मार्गिकेची दोन्ही तोंडे आणि मोजणीत सापडलेल्या शिरकावाच्या जागा प्रथम बंद कराव्यात आणि मगच मधली रेषा भरावी. उलट क्रमाने गेले तर अर्धवट काम झालेल्या टप्प्यात पहिल्याच सकाळी मोटारी आत येतात, आणि त्या दुभाजकाआड अडकल्या की काम थांबवून ठोकळे उखडावे लागतात. प्रत्येक खांबाला क्रमांक द्यावा आणि तो नकाशावर लिहावा. याचा उपयोग पुढे आहे.

सातवी पायरी: देखभाल

मोटारींच्या चाकांनी आणि हवेच्या झोताने रस्त्यावरचा कचरा कडेला उडतो आणि दुभाजकामुळे तो मार्गिकेतच साचतो. काचा, पाने आणि खडी साचली की सायकलस्वार मार्गिका सोडतात, आणि रिकाम्या मार्गिकेत पुन्हा मोटारी शिरू पाहतात. म्हणून झाडणाऱ्या यंत्राची रुंदी आराखड्याच्या वेळीच विचारून घ्यावी. अरुंद यंत्र नसेल तर हाताने झाडण्याचा ठरावीक दिवस हवा.

बोल्ट पहिल्या आठवड्यानंतर आणि मग दर महिन्याला तपासावेत. बदली खांबांचा साठा जवळ ठेवावा, कारण एक पडलेला खांब आठवडाभर तसाच राहिला तर तिथून वाट पडते. मात्र खांब बदलण्याआधी तो का पडला ते पाहावे. एका मार्गिकेत एकच खांब पुन्हा पुन्हा आडवा होत होता आणि प्रत्येक वेळी तो निमूटपणे बदलला जात होता. मी जवळ बसून पाहिले तेव्हा खांबाच्या बुडाशी रस्त्याच्या बाजूला काहीच नव्हते. काळा, वळणदार टायरचा डाग मार्गिकेच्या बाजूला होता. म्हणजे खांब बाहेरून आत येणाऱ्या गाडीने पाडलेला नव्हता. समोरच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या लांब गाडीचे मागचे चाक वळताना त्यावरून जात होते. खांब अर्धा मीटर सरकवला आणि टोकाला गोल ठोकळा बसवला. त्यानंतर तो पडला नाही. क्रमांक दिलेले खांब आणि बदलांची नोंदवही असली की अशा जागा महिन्याभरात लक्षात येतात.

चाचणी संपताना पहिल्या पायरीतली मोजणी त्याच टप्प्यात, त्याच वेळांना आणि त्याच पाच रकान्यांत पुन्हा करावी. या वेळी शेजारच्या पदपथावर आणि आडरस्त्यांवर उभ्या राहणाऱ्या गाड्याही मोजाव्यात. तिथली संख्या वाढलेली दिसली, तर दुसऱ्या पायरीत दिलेल्या थांबण्याच्या जागा अपुऱ्या आहेत किंवा चुकीच्या जागी आहेत असे समजावे आणि पक्के काँक्रीट ओतण्याआधी त्या हलवाव्यात.